सातवी चकती

दिगू, सगळ्याच्या सगळ्या वायरी लाल कशा असू शकतात रे?

पिवळी असते, निळी असते, काळी असते. हिरवी अर्थिंगला लागते, हे आयटीआयच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. तुझ्या मशीनमागचा पत्रा काढला तर आत लाल शेवयांचं पातेलं उपडं केल्यासारखं दिसलं. एकाही वायरीला नंबर नाही, चिठ्ठी नाही. नकाशा तर नाहीच नाही. कधीही विचारलं तरी तू कपाळावर बोट टेकवायचास आणि म्हणायचास, 'इथं हाय सगळं.' तिथं होतं, कबूल. पण ते तसंच डोक्यात ठेवून तू निघून गेलास, आणि आता मी तुझ्या हॉलमध्ये फरशीवर मांडी घालून, मीटर हातात धरून, तुझ्या नावानं बोटं मोडतोय.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तुझ्या दहाव्याला चार लोक बोलले, तू किती शांत होतास, किती मनमिळाऊ, कुणाचं मन कधी मोडलं नाहीस. मी मागं उभा होतो. मला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाच्या दहाव्याला आलो की काय. शांत? एका स्क्रूवरून माझ्याशी आठ-आठ दिवस न बोलणारा माणूस तू.

तेरावं झालं आणि सुलूवहिनींचा फोन आला. ज्या बाईनं पंधरा वर्षं त्या मशीनला सवत म्हटलं, पाहुणे आले की त्यावर चादर टाकली, त्या मला म्हणाल्या, 'भावजी, ते मशीन एक तर चालू करून द्या, नायतर घेऊन जा. असं मुकं बसलेलं बघवत नाय मला.' तू गेलास त्या दिवशी हॉल रिकामा करायला बिल्डिंगमधल्या पोरांनी ते उचलून गॅलरीत नेलं होतं, आणि उचलताना मागच्या निम्म्या वायरी हिसकल्या होत्या. घेऊन जाणं सोपं होतं, टेम्पो बोलावला की काम झालं. पण माझ्याकडंही ते मुकंच राहिलं असतं. म्हणून तीन रविवार झाले, मी येतोय. वहिनी चहा ठेवतात आणि आत जाऊन बसतात.

तुझ्या चुलतभावानं दहाव्याला मला बाजूला घेऊन विचारलं, 'ते पेटीवानी काय बनवलं होतं त्यानं?' मी समजावून सांगितलं. सिंथेसायझर म्हणजे विजेवर सूर काढायचं यंत्र. विजेचा दाब वाढवला की सूर चढतो, कमी केला की उतरतो. बाजारात मिळतं त्याला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात, बोटांनी वाजवायचं. दिगूनं यंत्र घरी जोडलं आणि पट्ट्यांच्या जागी कारखान्यातला ड्रम लावला. ड्रम फिरतो, सूर आपोआप वाजतात. चुलतभाऊ डोकं खाजवायला लागला. मग म्हणाला, 'म्हंजी गाणं वाजवायचं, पण हात नाय लावायचा?' मी म्हटलं, व्हय. 'मग रेडिओ लावायचा की.' त्याला उत्तर द्यायला तू पाहिजे होतास.

ड्रम लावायच्या आधी तू काय काय लावून बघितलंस, ते तर मी त्याला सांगितलंच नाही. टेबलफॅनच्या मागं बल्ब, पुढं उजेड ओळखणारा काचेचा डोळा. पातं आडवं आलं की सूर तुटायचा. एप्रिल लागला तसा वहिनींनी फॅन परत घेतला. मग हिमरू शाली विणणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून भोकं पाडलेल्या जुन्या पुठ्ठ्यांची माळ आणलीस. मागावर त्या भोकांवरून नक्षी ठरते. तू त्या भोकांतून तांब्याच्या तारा टेकवल्यास आणि शालीवरची वेलबुट्टी मला वाजवून दाखवलीस. मी म्हणालो, 'खरखर येतेय. कॉन्टॅक्ट नीट नाहीत.' पावसाळ्यात पुठ्ठे दमटून फुगले आणि तो खेळ संपला. दिगू, ते फार सुंदर वाजलं होतं. हे तेव्हाच सांगायला माझ्या बापाचं काय जात होतं? आता सांगतोय, वरातीमागून घोडं.

ड्रमची गोष्ट वेगळी, त्यात माझाही हात होता. चिकलठाण्याच्या कारखान्यात आपण एकाच आठवड्यात लागलो, तू फिटर, मी इलेक्ट्रिशियन. धुलाईच्या मशीनवर तो ड्रम होता. एक दांडा, त्यावर आठ पितळी चकत्या, प्रत्येक चकतीच्या कडेला एक खाच. दांडा सावकाश फिरत राहतो. खाच आली की चकतीवर टेकलेला स्विच तिच्यात पडतो आणि त्याचं काम करतो. पाणी सोड, वाफ सोड, बंद कर. तू त्याला वर्षानुवर्षं तेलपाणी केलंस, आणि मी तो काढला. साहेबांनी पीएलसी मागवला. हाताच्या पंजाएवढा डबा, प्रोग्रॅम टाकला की सगळं ठरल्या क्षणाला, इकडचं तिकडं नाही. तो मी बसवला आणि त्याच जोरावर आज शेंद्र्याच्या कंपन्यांमध्ये फिरतोय. तू मला एका शब्दानं बोलला नाहीस. फक्त भंगार न्यायला रज्जाकभाई आले तेव्हा त्यांच्या टेम्पोतून ड्रम उचलून स्कूटरवर घेतलास. रज्जाकभाई म्हणाले, 'अरे दिगूभाई, इसको घर लेजाके क्या करेंगे?' तू म्हणालास, 'बजाएंगे.' ते आजवर तो किस्सा सांगतात.

मी किती वेळा म्हटलं, अरे, एक जुना पीएलसी देतो, फुकट देतो, त्यावर लाव, हजार सूर वाजव. तू म्हणायचास, 'तुझ्या डब्यात काय चाललंय ते दिसतंय का?' नाही दिसत. 'माझ्यात दिसतंय.' झालं. संपला वाद. पुढच्या रविवारी पुन्हा तोच.

शेंद्र्याला तुझ्या मेव्हण्याच्या हळदीला तू ते मशीन डीजेच्या मिक्सरला जोडलंस, ते आठवतं? नको म्हणून मी तुझ्या पाया पडायचा बाकी होतो. पोरं नाचायची थांबली. मांडवात मिनिटभर नुसता तुझा तो खालचा घूं-घूं सूर. मग मागून एक म्हातारबा ओरडले, 'मोटर जळाली वाटतं! अरं पळा, स्टार्टर बंद करा!' आणि दोन पोरं खरंच विहिरीकडं धावली. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. तू मात्र घरी येईपर्यंत खूश. 'बघ, वळखलं का नाय त्यांनी? विजेचाच आवाज हाय तो.' वहिनींचं माहेर होतं ते, दिगू. त्यांनी पुढचा महिनाभर तुझ्या भाजीत मीठ घातलं नव्हतं.

आता सातव्या चकतीवर येतो. टाळत होतो, पण यावंच लागेल.

आठ चकत्या, आठ सूर. पहिले सहा वेळेवर. सातवा लंगडा. सहाव्यानंतर जरा पोकळी पडायची, मग सातवा घाईघाईनं यायचा, आणि तो लागतोय तोवर आठवा त्याच्या अंगावर. ती चूक होती. गाण्यासाठी नव्या खाचा कापत होतास तेव्हा करवत सरकली. मी समोर बसलो होतो, तू 'च्यायला' म्हणालास ते या कानांनी ऐकलंय. आणि पुढच्या रविवारी बघतो तर त्या चुकीला तू डोक्यावर घेऊन बसलेला.

'सातवी नीट कर.'

'नीटच हाय.'

'उशिरा येतेय ती.'

'येऊ दे की. येतेय ना?'

वर्षानुवर्षं हे असं. माझं पोट ज्या कामावर चालतं, त्यात मशीननं सांगितल्या वेळेला हलायचं असतं. तो सातवा सूर ऐकला की मला दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. मी स्वतः कुठं वेळेवर पोचत नाही, हे खरं. दहाला येतो म्हटलं की साडेअकरा. तुझ्या लग्नात मी मांडवात शिरलो तेव्हा अक्षता पडून लोक पंगतीला बसले होते. पण मी माणूस आहे, मशीन नाही. असा माझा युक्तिवाद होता. तू त्यावर नुसता हसायचास.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी तू जेवायला नान-खलिया आणायला गेलास. वहिनी आत होत्या. कानस समोरच पडली होती. मी सातव्या खाचेची पुढची कड घासली, चार-पाच हात मारले असतील. खाच तेवढी अलीकडं सरकली. स्विच आता वेळेवर पडणार होता. भुकटी फुंकरली आणि कानस होती तिथं ठेवून दिली.

तू आलास, मशीन लावलंस. आठही सूर एका ओळीत. मी तुझ्या तोंडाकडं बघत होतो. वाटलं, आता म्हणशील, वा. तू हातातली पिशवी तशीच धरून दोन फेऱ्या ऐकल्यास, तीन फेऱ्या ऐकल्यास. मग म्हणालास, 'आज काय झालं रे याला?'

'व्होल्टेज नीट असेल आज,' मी म्हणालो.

त्या एका वाक्याचं ओझं मी दोन वर्षं वागवलं. तू तीन महिने मशीन खोलत बसलास. बेअरिंग धुतलंस, मोटर बदललीस, दांडा सरळ आहे का ते पुन्हा पुन्हा बघितलंस. दर रविवारी मी समोर बसून तुला पकड देत होतो, पाना देत होतो, कानससुद्धा देत होतो, आणि तोंड उघडत नव्हतो. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर चार शिव्या आणि गार झालेला खलिया, एवढ्यावर भागलं असतं. दिवस गेले तसं ते जड होत गेलं. शेवटी तू पत्रा लावलास आणि म्हणालास, 'सगळं वेळेवर होतंय रे. पण कुणीतरी आलंच नाय, असं वाटतंय.' मी म्हटलं, चहा टाका वहिनी.

आणि मग तो गुरुवार. तुझा फोन. 'रविवारी ये. एक ऐकवायचंय. दहाला ये म्हंजी बारापर्यंत येशील.' येतो म्हणालो. रविवारी शेंद्र्यात एका कंपनीची लाईन बंद पडली, मी मेसेज टाकला, पुढच्या रविवारी नक्की. तू नुसता अंगठा पाठवलास. मंगळवारी सकाळी क्रांती चौकात सिग्नलला उभा होतो तेव्हा वहिनींच्या भावाचा फोन आला. मागचे हॉर्न वाजवत होते आणि मला गाडी कशी चालवतात तेच आठवेना. तो अंगठा अजून माझ्या फोनमध्ये आहे. वर काढून बघतो आणि तुझ्यावर चिडतो. अरे, एकदा तरी 'येच' म्हणून दटावायचंस. आयुष्यभर दटावलंस की.

तर वायरी. पहिला रविवार नुसता शिव्या देण्यात गेला. दुसऱ्या रविवारी एक-एक लाल वायर धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो, आणि आतल्या अंगाला, जिथं प्रत्येक सुराचा बारीक स्क्रू आहे, जो पिळला की सूर वर-खाली होतो, तिथं मला चिकटपट्टीचे तुकडे दिसले. म्हटलं, चला, देव पावला, नंबर टाकलेत. बॅटरी मारली. नंबर कसले, नावं होती. तुझ्या त्या किड्यामुंगीच्या अक्षरात.

आई. सुलू. रज्जाकभाई. मोटे मास्तर, म्हणजे आपले फोरमन. छकुली, तुझी लेक. नाना, तुझे वडील. आठव्यावर 'मी'.

आणि सातव्यावर, 'विज्या. उशिरा.'

चिकटपट्टी पिवळी पडून कडक झाली होती, शाई उडाली होती. पहिल्या वर्षाचीच असणार. मी बॅटरी विझवली आणि तिथंच बसून राहिलो. वहिनींनी आतून विचारलं, 'सापडलं का काही?' मी म्हटलं, नाही अजून.

मला आजही वाटतं की ती चूकच होती, दिगू. हे मी सोडणार नाही. करवत सरकली, सूर लंगडा झाला, मग तू विचार केलास की आपल्यात उशिरा येणारा कोण, आणि माझं नाव चिकटवलंस. पण चिकटवलंस तर सांगायचं नाही का? मी वर्षानुवर्षं मलाच नीट कर म्हणून तुझ्या मागं लागलो होतो, आणि एके दिवशी कानस घेऊन मीच मला घासलं. तू हे सगळं बघत हसत होतास.

आज तिसरा रविवार. अकराच्या सुमाराला शेवटची वायर जोडली आणि प्लग लावला. ड्रम फिरला. सूर आले, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आणि पोकळी पडली. मग सातवा आला, घाईघाईनं, उशिरा.

मी तर तो सरळ केला होता. तीन रविवार मी मागच्या वायरींतच अडकलो होतो, पुढं ड्रमकडं नीट बघितलंच नव्हतं. आता वाकून बघितलं. सातवी चकती नवी कोरी होती. बाकीच्या सात काळपट, ही पिवळीधमक. खाच अगदी जुन्या जागी कापलेली. ऐकवायचंय म्हणालास ते हे होतं.

वहिनी दारात आल्या होत्या. आवाज ऐकून आल्या असतील. आत गेल्या आणि बिस्किटांचा जुना डबा घेऊन आल्या. 'हे त्यांनी कपाटात ठेवलंय. फेकू नको म्हणले होते.'

फडक्यात गुंडाळलेली जुनी चकती. मी ती खिडकीत धरली. घासलेल्या कडेवर कानशीचे ओरखडे, सगळे डावीकडं कललेले. मी डावखुरा. कारखान्यात ट्रेमधला कुठलाही घासलेला तुकडा उचलून, न विचारता 'हे डावऱ्याचं काम' म्हणणारा तू. तुला हे दिसलं नसेल? पहिल्या दिवशी, हातात पिशवी धरून उभा होतास तेव्हा नसेल, पण पत्रा काढल्यावर पहिल्या मिनिटाला दिसलं असणार. मग ते तीन महिने? ते बेअरिंग, ती मोटर?

'वहिनी, त्याला म्हाईत होतं?'

'मलाच म्हाईत होतं, तर त्यांना नसंल व्हय? दारात उभी होते मी. तुम्ही कानस घेऊन बसला होता, जीभ बाहेर काढून.'

'मग बोलला का नाहीत तुम्ही?'

'मी कामून बोलू दोघांच्या मधात? त्यांना म्हटलं होतं की, सरळ इचारा भावजींना. लई दिवस कुढत बसू नका. तर म्हणले, मी इचारणार नाय. येईल तो सांगायला.' वहिनींनी डोळ्याला पदर लावला. 'उशिरा येतो, पण येतो, म्हणले.'

मी चकती परत फडक्यात गुंडाळली. त्याच पुढं म्हणाल्या, 'दोघंबी एका माळेचे मणी. एक सांगंना, एक इचारंना. आणि मी मधात चहा करून मेले.'

दोन वर्षं, दिगू. दोन वर्षं तू वाट बघत होतास, आणि मी पकड देत होतो आणि चहा पीत होतो. शेवटी तूच कंटाळून नवी चकती कापलीस आणि मला बोलावलंस, तर तेव्हाही मी आलो नाही. तुझा राग येतोय मला, फार येतोय. अजून एक रविवार थांबला असतास तर काय बिघडलं असतं? तू तर कधी लवकर निघणाऱ्यातला नव्हतास. पंगतीतून उठायलासुद्धा तुला तासभर लागायचा.

तर ऐक. मी घासली. व्होल्टेज बिल्टेज काही नव्हतं. तुझं मशीन मला न विचारता नीट करायचं होतं, म्हणून घासली, आणि घाबरून गप्प बसलो. आता तू शिव्या दिल्यास तरी ऐकू येणार नाहीत, ही माझी शिक्षा आहे. वेलबुट्टीचं गाणं सुंदर होतं, हेही पुन्हा सांगतो. आणि पीएलसीवर ते जमलं नसतं. हे तिसरं एकदाच सांगतोय, परत विचारू नकोस.

वहिनी म्हणाल्या, राहू द्या चालू जरा वेळ. मी हात पुसून बसलोय. आई येते, सुलू येते, रज्जाकभाई, मोटे मास्तर, छकुली, नाना. मग जागा रिकामी राहते. आत वहिनींची भांडी थांबतात, तेवढ्यापुरती. मग मी येतो, धापा टाकत, आणि मी नीट टेकतो न टेकतो तोच माझ्या पाठोपाठ तू. दर फेरीला तू. प्लग ओढला की हे थांबतं, तेवढं मला कळतं; तीन वेळा हात नेला आणि मागं घेतला. दुसरं काही लिहिलं नाहीस ते नाहीस, हे बंद कसं करायचं तेवढं तरी लिहून ठेवायचं होतंस की रे.